टोरांटोच्या हिवाळ्यात रिअर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार: दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतची तयारी

त्या सकाळी बर्फ पडलेलाच नव्हता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, टोरांटोला लागून असलेलं मिसिसागा, पारा उणे तीन, रस्ता कोरडा ठणठणीत. सिग्नल हिरवा झाला, मी डावीकडे वळायला निघालो, नेहमीइतकाच ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीचं शेपूट उजवीकडे सरकलं. स्टेअरिंग उलटं फिरवायचं भान येईपर्यंत डॅशबोर्डवरचा घसरणीचा दिवा लुकलुकला, इंजिनाचा जोर आपोआप तुटला आणि गाडी सरळ झाली. पुढच्या पार्किंगमध्ये थांबून मी टायरला हात लावून पाहिला. जुलैत ज्या रबरात नख रुतायचं, ते रबर बादलीच्या प्लास्टिकसारखं कडक लागत होतं.

माझी गाडी २०१५ सालची सायन एफआर-एस, म्हणजे कॅनडात २०१७ पासून जी टोयोटा ८६ या नावाने विकली गेली तीच. मॅन्युअल गिअर, पुढे इंजिन, जोर मागच्या चाकांना. ती घेतली तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने सांगितलं की ही गाडी नोव्हेंबर ते एप्रिल झाकून ठेवायची आणि हिवाळ्यासाठी दुसरी घ्यायची. ज्याच्याकडे दोन गाड्यांची जागा आणि दोन विम्यांचे पैसे आहेत त्याने तसं जरूर करावं. पण एकाच गाडीवर संसार असेल तरी घाबरायचं कारण नाही. मी हीच गाडी गेले अनेक हिवाळे रोज चालवतोय. आपल्याकडच्या ॲम्बेसिडर आणि पद्मिनीही मागच्याच चाकांवर चालायच्या आणि पावसाळ्यात घाट चढायच्या. मागच्या चाकांचा जोर हा मूळ दोष नाही. दोष असतो तो थंडीत दगड होणाऱ्या टायरचा आणि उन्हाळ्यातल्या सवयी तशाच पुढे चालवणाऱ्या पायाचा.

फरक मात्र आहे आणि तो नीट समजून घ्यावा. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचं बरंचसं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेलं असतं. माझ्या गाडीत साधारण ५३ टक्के वजन पुढे आणि ४७ टक्के मागे, म्हणजे ढकलणाऱ्या चाकांवर कमी. जोर जास्त झाला की पुढून ओढणारी गाडी वळायची सोडून सरळ जाते, मागून ढकलणारी गोल फिरू पाहते. पण ब्रेक लावताना आणि वळताना सगळ्या गाड्या सारख्याच, तिथे चारही चाकांवरच्या रबराचं राज्य. फोर-व्हील-ड्राइव्हवाले हेच विसरतात आणि ४०१ महामार्गाच्या कडेला खड्ड्यात दिसतात.

दसरा: गाडी खालून बघायची

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतोच. त्याच आठवड्यात ती खालूनही बघावी, कारण हिवाळ्यात तिला खरा धोका मिठाचा असतो. टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात पहिल्या बर्फाच्या आधीच रस्त्यांवर मिठाचं पाणी फवारतात आणि नंतर खडे मीठ पडतं. साधारण उणे दहा-बाराच्या खाली मीठ काम करत नाही, तेव्हा वाळू टाकतात. वाळू रंग खरवडते, मीठ त्या ओरखड्यात शिरतं. स्पोर्ट्स कार बुटकी असल्यामुळे ही फवारणी सगळी तिच्या पोटावर.

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी असताना गाडी खालून स्वच्छ धुऊन दोन दिवस वाळू द्या आणि मग तेलाचा गंजरोधक फवारा मारून घ्या. इथे दोन प्रकार मिळतात. एक, थेंब गळत राहणारं पातळ तेल, दुसरा, डांबरासारखा जाड काळा थर. माझं मत तेलाच्या बाजूने आहे. काळा थर कुठेतरी तडकतो, त्याखाली पाणी अडकतं आणि गंज आतल्या आत वाढतो, वरून काही दिसत नाही. तेल दरवर्षी मारावं लागतं आणि दोन दिवस ड्राइव्हवेवर डाग पडतात, पण ते फटीफटीत झिरपतं. फवारणाऱ्याला आधीच सांगा की ब्रेकच्या डिस्कवर आणि एक्झॉस्टवर तेल नको, आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निचरा होण्याची भोकं बुजलेली नाहीत ना ते काडी घालून बघा. ती बुजली की दार आतून सडतं.

गाडी वर घेतलेलीच आहे तर ब्रेकच्या पाइपलाइन, सस्पेन्शनचे रबर बुश आणि ब्रेक पॅड बघून घ्या. समोरच्या बंपरमध्ये ओढायचा हुक बसवायची चकती असते, तिच्यामागच्या आट्यांना ग्रीस लावून हुक एकदा पूर्ण आत फिरवून बघा. जानेवारीत गाडी बर्फात रुतलेली असताना आटे गंजलेले सापडले तर टो ट्रकवालाही काही करू शकत नाही.

दिवाळी: चाकं

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष इथेच घाला. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल, पण हे हवंच.

उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. एफआर-एसबरोबर कारखान्यातून येतात ते उन्हाळीच. जास्त पकड देणारे उन्हाळी टायर असतील, तर कडाक्याच्या थंडीत ते हलवताना किंवा रिमवर चढवताना रबराला तडे जाऊ शकतात असं टायर कंपन्या स्वतःच सांगतात. ऑल-सीझन टायर टोरांटो शहरात जेमतेम निभतात, हलक्या मागच्या चाकांना ते पुरत नाहीत. टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं ‘एम+एस’ हे नक्षीच्या रचनेबद्दल सांगतं, बर्फावरच्या चाचणीबद्दल नाही.

टायर चारही बदला. ‘जोर मागे आहे तर दोनच मागे घालू’ असं मला एकाने सुचवलं होतं. तसं केलं तर गाडी निघेल झकास, पण पुढची दोन चाकं ना वळतील ना थांबतील. उलट दोनच पुढे घातले तर ब्रेक मारताच मागची बाजू पुढे यायला बघेल.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात. माझे मूळ टायर २१५/४५ आर१७. हिवाळ्यासाठी मी २०५/५५ आर१६ घेतले. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ आणि चिखलबर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. उंच बाजूमुळे खड्ड्यात रिम वाचतो, आणि मार्चमध्ये इथले खड्डे बघण्यासारखे असतात. शिवाय १६ इंची टायर स्वस्त. मात्र बाहेरचा एकूण व्यास मूळच्या जवळ हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, गणित बिघडतं. हिशोब घरी करता येतो: २१५ चे ४५ टक्के म्हणजे ९६.७५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे १९३.५, त्यात १७ इंच म्हणजे ४३१.८ मिळवले की ६२५. दुसऱ्याचा तसाच हिशोब येतो ६३२. फरक एक टक्का, चालतो. रिम घेताना नटांची मांडणी (माझ्या गाडीला ५×१००), मधल्या भोकाचा व्यास (५६.१ मिलिमीटर) आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ते गाडीला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, जुळायला हवा. आतून ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागाला, रिम घासत नाही ना, हे एक चाक बसवून हाताने फिरवून बघितल्याशिवाय चारांचे पैसे देऊ नका. मोठे ब्रेक असलेल्या गाड्यांना १६ इंची रिम बसतच नाही.

हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच ठेवा. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवणं-चढवणं हे टायरच्या कडेला आणि खिशाला दोघांनाही जाचक आहे. दुसरा संच असला की काम घरच्या ड्राइव्हवेवर दीड तासात होतं.

कंपन्यांमध्ये ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशेलिन एक्स-आइस, कॉन्टिनेंटल व्हायकिंगकॉन्टॅक्ट आणि नोकियनचे हाकापेलिट्टा हे सगळे चांगले. चांगल्या नावाचा मधल्या किमतीचा टायर घ्या आणि उरलेल्या पैशात तेलाचा फवारा मारून घ्या. खिळ्यांचे टायर दक्षिण ओंटारिओतल्या रहिवाशांना चालत नाहीत, ती मुभा उत्तर ओंटारिओवाल्यांना आहे. मॉन्ट्रिऑलला जाणं-येणं असेल तर लक्षात ठेवा: क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर सवलत द्यावीच लागते. पावती जपून ठेवा आणि विमावाल्याला स्वतःहून फोन करा.

आता बसवणं. हे दिवाळीच्या सुट्टीत उरका. पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानांत आठवड्या-आठवड्याची रांग लागते.

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि जॅक स्टँडशिवाय कुठलाही अवयव गाडीखाली घालू नका. चाक निघालं की हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, चेहरा बघा. मिठाने तिथे तपकिरी पापुद्रे धरलेले असतात. तारेच्या ब्रशने ते चकचकीत होईपर्यंत घासा. हे केलं नाही तर नवं चाक किंचित तिरकं बसतं, गाडी थरथरते आणि नट हळूहळू सैल होतात. मधल्या भोकाच्या कडेला जॅम न होऊ देणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे एप्रिलमध्ये चाक हातोड्याने ठोकून काढावं लागणार नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र ते लावू नका, ठरवलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असतो.

नट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी चार-पाच फेरे सहज गेले नाहीत तर थांबा, आटे चुकलेत. मग ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. एका वर्षी घाईत मी हे काम बाहेर करून घेतलं. तिथल्या मुलाने हवेच्या गनने नट असे काही आवळले की एप्रिलमध्ये उघडताना एक बोल्ट खटकन तुटून हातात आला. तेव्हापासून टॉर्क रेंच माझ्या घरातच आहे. बसवल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा सगळे नट तपासायचे.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, माझ्याकडे ३५ पीएसआय, आणि ती थंड टायरमध्ये मोजायची. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय कमी होतो. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे पंधराच्या सकाळी सहा पीएसआयने कमी भरते. म्हणून दर पंधरा दिवसांनी मोजा.

काच, बॅटरी, पाणी

या गाडीच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकते आणि बंद झाल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. पावसानंतर रात्री पारा उतरला की काच त्या रबराला चिकटते. सकाळी हँडल ओढलं की मोटर कण्हते, काच हलत नाही, आणि तुम्ही जोर लावलात तर एकतर रबर फाटतं किंवा काचेची यंत्रणा जाते. यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा सगळी रबरं पुसून कोरडी करून त्यांना सिलिकॉनचं ग्रीस चोळायचं, कोपऱ्यांत बोट घालून. तरी अडकलंच तर तळहाताने काचेच्या वरच्या कडेला हलके दाबत जा, बर्फ कटकट तुटतो. गरम पाणी ओतू नका, काच तडकते आणि तेच पाणी पुन्हा गोठतं.

बॅटरी पाच वर्षांची झाली असेल तर चाचणी करून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. नवी घेताना कोल्ड क्रँकिंग अँप्सचा, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ताकदीचा, आकडा बघा, तो उणे १८ अंशांना मोजलेला असतो. उतरलेली बॅटरी कडाक्यात गोठून फुटूही शकते, भरलेली सहसा नाही. कूलंटचा गोठणबिंदू साध्या मापकाने तपासून निदान उणे ३५ आहे याची खात्री करा. काच धुण्याचं पाणी उणे ४० चंच. उन्हाळ्यातलं टाकीत उरलेलं असेल तर फवारून संपवा, नाहीतर पाइप गोठतो आणि ४०० महामार्गावर ट्रकने उडवलेल्या मीठचिखलात समोरचं काहीच दिसत नाही. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेलं ०डब्ल्यू-२०च ठेवा, थंडीत पटकन वर चढतं ते हेच.

डिकीत वाळूची पोती टाकावीत का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पिकअप ट्रकला ते ठीक. या गाडीत डिकी मागच्या चाकांच्याही मागे आहे, तिथे पन्नास किलो ठेवले तर घसरल्यावर शेपूट लंबकासारखं जास्त झोका घेतं, आणि जोराचा ब्रेक बसला तर पोतं पुढे येतं. टायर बरोबर असतील तर याची गरज नाही. त्याऐवजी लहान फावडं, मांजराच्या वाळूची चार-पाच किलोची पिशवी (गोळा न होणारी, चाकाखाली पसरायला), बॅटरीचा बूस्टर, घोंगडी आणि जाड हातमोजे एवढं ठेवा.

चालवणं

पहिली पाच-दहा मिनिटं गाडीला द्या. थंडीत हिच्या गिअरबॉक्सचं तेल मधासारखं घट्ट असतं आणि दुसरा गिअर नाखुशीने पडतो. जबरदस्ती करू नका, क्लच दाबून गिअर अलगद टेकवा, तो आपणहून आत जातो. उभ्या उभ्या अर्धा तास इंजिन चालू ठेवण्यात अर्थ नाही, गिअरबॉक्स आणि टायर चालवल्यावरच ऊबदार होतात.

निसरड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये निघा, क्लच हळू सोडा. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा आणि स्टेअरिंग सरळ होऊ लागलं की मगच ॲक्सिलरेटर. खालचा गिअर टाकताना विशेष जपा. इंजिनाची आवर्तनं चाकांच्या वेगाशी न जुळवता क्लच सोडला तर इंजिन मागच्या दोनच चाकांना ब्रेक लावतं, हँडब्रेक ओढल्यासारखं, आणि बर्फावर तेवढंही शेपूट निसटायला पुरतं. शेपूट सरकलंच तर पाय हळू उचला, ब्रेक मारू नका, आणि नजर जायचंय तिकडे ठेवा. हात नजरेमागे आपोआप जातात.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी. माझ्या गाडीतल्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचंही वागणं ओळखून असावं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक नुसतं फिरत राहतं, दुसरं थांबून गाडीला जागेवर धरतं. लिमिटेड-स्लिपमध्ये दोन्ही जोर लावतात म्हणून गाडी चढ चढते, पण दोन्ही एकदम सुटली की रस्त्याच्या उताराकडे आडवी सरकते. व्हीएससी म्हणजे घसरण आवरणारी यंत्रणा बंद करायची ती फक्त रुतल्यावर, गाडी झुलवून बाहेर काढण्यापुरती.

गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर उंच. त्याहून जास्त ताजा बर्फ असेल तर टायर कितीही चांगले असले तरी गाडी पोटावर बसते आणि चाकं हवेत. अशा दिवशी घरी थांबा किंवा गो ट्रेन, म्हणजे इथली लोकल, पकडा. ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या नांगराने लावलेला बर्फाचा बांध फावड्याने काढल्याशिवाय ओलांडू नका, खालचं प्लास्टिकचं आवरण उचकटून येतं.

घसरल्यावर काय होतं याचा सराव हवाच, पण तो मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नको. ओंटारिओचा स्टंट ड्रायव्हिंगचा कायदा पार्किंगलाही लागू आहे: परवाना ३० दिवस आणि गाडी १४ दिवस जप्त. टोरांटोच्या उत्तरेला मिंडेन गावाकडे खऱ्या बर्फावर हिवाळी ड्रायव्हिंग शिकवतात. मी तिथे एक दिवस घालवला आणि शेपूट निसटतानाची पहिली चाहूल सीटमधून, कमरेला कळते हे तिथे शिकलो.

संक्रांत आणि पाडवा

संक्रांतीच्या सुमारास पारा एखाद्या दिवशी शून्याच्या वर जातो. तो दिवस वाया घालवू नका. गाडी खालून धुऊन घ्या, दारं उघडी ठेवून कडा पुसा, नट आणि हवा तपासा. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडून द्या. धुतल्यावर मागचे ब्रेक शू गोठून चिकटतात. सपाट जागा नसेल तर चाकाला ठोकळा लावा. महामार्गावर साठाच्या पुढे अचानक स्टेअरिंग थरथरू लागलं तर आधी रिमच्या आत बघा. तिथे गोठलेला बर्फाचा गोळा असतो, काठीने पाडला की थरथर थांबते.

पाडव्याला गुढी उभारली म्हणून टायर लगेच उतरवू नका. सकाळचं तापमान सलग आठवडाभर सात अंशांच्या वर राहिलं की मगच, म्हणजे बहुतेक एप्रिलच्या मध्याला. उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं लिहा, पुढच्या वर्षी जागा बदलायला उपयोगी पडतं. नक्षीची खोली मोजा. चार मिलिमीटरच्या जवळ आलेले हिवाळी टायर पुढच्या बर्फात चालवू नयेत, आणि मागून ढकलणाऱ्या गाडीचे मागचे दोन नेहमी आधी झिजतात. धुऊन, वाळवून, काळ्या पिशवीत बांधून, रिमसकट आडवे एकावर एक रचून ठेवा. हबवर पुन्हा तोच तारेचा ब्रश, आणि उन्हाळी चाकांनाही तोच १२० चा टॉर्क.